कर कोणाचा आणि मत कोणाचें

आज छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या बोरीबंदर स्टेशनासमोर मुंबई म्युनिसिपालिटीची भव्य इमारत उभी आहे. १८८४ सालीं लॉर्ड रिपन यांच्या हस्तें तिचा पाया घातला गेला व १८९३ सालीं ती पुरी झाली. एफ्. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनीं तिची रचना केली. खर्चाचा अंदाज ११,८८,०८२ रुपयांचा होता आणि प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९ रुपये झाला. सार्वजनिक बांधकाम अंदाजापेक्षां ६८,११३ रुपये कमींत उरकावें, हा योग त्या काळींही विरळाच म्हटला पाहिजे. परंतु ज्या संस्थेनें ही काटकसर साधली, तिचीच तिजोरी पाया घालण्याच्या अवघीं तेरा वर्षें आधीं अशी ओढाताणीस आली होती कीं, करदात्यांच्या सभा भरून अधिकाऱ्यांच्या नांवानें उघड ओरड चालली होती. त्या ओरडींतूनच शहराच्या कारभारांत लोकांनीं निवडलेले सभासद प्रथम आले. पैशाच्या अडचणींतून प्रतिनिधित्वाचा जन्म कसा झाला, आणि तो जन्मतःच कसा अपुरा राहिला, हें या शहराच्या इतिहासांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें हिंदुस्थानांतील दुसऱ्या कोणत्याही शहरांत क्वचितच दिसेल.

१८५८ च्या कायद्यानें मुंबईचा नागरी कारभार तीन कमिशनरांच्या हातीं होता. तिघांत जबाबदारी वांटली गेली म्हणजे ती कोणाचीच राहात नाहीं, हा अनुभव सरकारास लवकरच आला. म्हणून १८६५ च्या दुसऱ्या कायद्यानें एकच म्युनिसिपल कमिशनर नेमण्यांत आला आणि शहराच्या ‘जस्टिस ऑफ दि पीस’ मंडळींची मिळून एक कॉर्पोरेशन बनविण्यांत आली. हे जस्टिस लोक म्हणजे सरकारनें नेमलेले प्रतिष्ठित गृहस्थ. त्यांत युरोपियन व्यापारी व अंमलदार होते, तसेच पारशी, हिंदु व मुसलमान शेटसावकारही होते. अंदाजपत्रक मंजूर करण्याचा अधिकार त्यांच्या बेंचकडे होता. मात्र पैसा खर्च करणारा हात एकट्या कमिशनरचा होता. आणि जस्टिसांना कोणीं निवडलेलें नसल्यामुळें त्यांना जाब विचारणारेंही कोणी नव्हतें.

या पदावर पहिले आले ते आर्थर क्रॉफर्ड. त्यांना जें शहर हातीं मिळालें, त्याची कल्पना आज करणें कठीण आहे. १८६४ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली होती. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तिकडील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि इकडील कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशानें शहरांत माणसांचा लोंढा आणला. पण त्या माणसांसाठीं गटारें, पाणी वा मोकळी हवा आणली नाहीं. विहार तलावाचें पाणी १८६० पासून शहरास मिळूं लागलें होतें खरें. परंतु त्या कामाच्या कर्जाचा बोजाही म्युनिसिपालिटीच्या मानेवर बसला होता. मैला वाहून नेण्याची व्यवस्था अपुरी होती, कत्तलखाने भरवस्तींत होते, आणि पटकीची सांथ वरचेवर येई.

क्रॉफर्डसाहेब तरुण, तडफदार आणि खर्चाच्या बाबतींत निधड्या छातीचे होते. त्यांना साथ मिळाली ती शहराचे पहिले आरोग्याधिकारी डॉक्टर हेवलेट यांची. रस्ते रुंद झाले, गटारें साफ होऊं लागलीं, गुरांचे कत्तलखाने शहराबाहेर वांद्र्यास गेले, रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. कोटाच्या उत्तरेस मोठी मंडई उभी राहिली. तिला क्रॉफर्डसाहेबांचेंच नांव मिळालें आणि पुढें स्वातंत्र्योत्तर काळांत महात्मा जोतीराव फुले यांचें. (हें नामांतर मोठें अर्थपूर्ण आहे. फुले हे १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते, आणि लोकांचा पैसा व्हाइसरॉयच्या स्वागतासारख्या थाटामाटावर उधळण्यास त्यांचा विरोध असे.) या सुधारणांचें फळ दिसूं लागलें, शहरांतील मृत्यूंचें प्रमाण उतरणीस लागलें. आज ज्यांना मुंबईच्या आरोग्याचा इतिहास लिहावयाचा आहे, त्यांना या सहा वर्षांचें ऋण नाकारतां येणार नाहीं.

परंतु ऋण हा शब्द येथें दुसऱ्या अर्थानेंही खरा ठरला. क्रॉफर्डसाहेबांनीं कारभार हातीं घेतला, त्याच सुमारास मुंबईच्या वैभवाचा फुगा फुटला. अमेरिकेंतील युद्ध १८६५ च्या वसंतांत संपलें, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ या दिवशीं शेअरांच्या वायद्यांची मुदत भरतांच एकामागून एक पेढ्या बसल्या. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा शेअरबाजाराचा राजाही त्यांतून सुटला नाहीं. बँक ऑफ बाँबेही पुढें बुडाली. ज्यांच्या घरांना सट्ट्याच्या दिवसांत वाटेल तें भाडें येत होतें, त्यांचीं घरें आतां रिकामीं पडलीं. १८७२ च्या शिरगणतींत शहराची वस्ती ६,४४,४०५ इतकी खालीं आली होती. म्हणजे आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसें कमी झालीं.

म्युनिसिपालिटीच्या उत्पन्नाचा मुख्य आधार घरपट्टी. घराचें जें भाडें येण्यासारखें असेल, त्यावर ही पट्टी बसते. तेव्हां भाडें वाढलें कीं म्युनिसिपालिटीचें उत्पन्न वाढतें, आणि भाडें घसरलें कीं तेंही घसरतें. हा हिशेब साधा आहे. पण त्यांत एक मेख आहे. रस्ता एकदां बांधला म्हणजे त्याची डागडुजी करावीच लागते, गटार एकदां खणलें म्हणजे तें उपसावेंच लागतें, आणि कर्ज एकदां काढलें म्हणजे त्याचें व्याज दरसाल द्यावेंच लागतें. उत्पन्न बाजाराबरोबर खालीं येतें, खर्च मात्र जागचा हालत नाहीं. त्यांतच शहराच्या पोलिसांचा खर्चही म्युनिसिपालिटीनें सोसावयाचा होता, आणि त्या पोलिसांवर तिचा अधिकार कांहींच नव्हता. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, हलालखोर पट्टी, गाडीघोड्यांवरील कर आणि शहरांत येणाऱ्या मालावरची जकात अशा अनेक वाटांनीं पैसा गोळा होई. तरी तूट भरून निघेना. वर्षाअखेर कंत्राटदारांचीं बिलें पुढच्या वर्षावर ढकलावयाचीं, आणि पुढच्या वर्षाचें अंदाजपत्रक त्या ओझ्याखालीं जन्मास घालावयाचें, अशी स्थिति झाली. ज्या जस्टिसांनीं हीं अंदाजपत्रकें मंजूर केलीं, त्यांतील पुष्कळांनीं तीं नीट वाचलींही नसावींत.

१८७१ सालीं असंतोष भडकला. घरमालक आधींच सट्ट्याच्या आपत्तींत पोळलेले. त्यांतच हिंदुस्थान सरकारनें आयकराचा जाच वाढविला होता. शहराच्या पट्टीचा कागद घरीं आला म्हणजे तो हात भाजल्यासारखा वाटे. बेंचच्या सभेंत जेम्स फोर्ब्स या व्यापाऱ्यानें ठराव आणला. त्याचा मथितार्थ असा होता कीं, कारभाराची सूत्रें एकट्या कमिशनरच्या हातून काढून एका मंडळाच्या हातीं द्यावींत. नौरोजी फर्दुनजी यांच्यासारखे वजनदार सुधारक या पक्षाच्या बाजूस होते. सामान्य करदात्यांची बाजू हिरिरीनें मांडण्यांत त्यांचा हातखंडा होता आणि लोक त्यांना जनतेचे कैवारी म्हणत. टाऊन हॉलपासून धोबीतलावापर्यंत एकच सूर होता : क्रॉफर्ड जावा, कर कमी व्हावेत.

या सुरांत न मिसळणारा एक आवाज निघाला तो सव्वीस वर्षांच्या एका बॅरिस्टरचा. फिरोजशहा मेहता हे तीन वर्षांपूर्वींच विलायतेहून परत आले होते. १८७१ च्या नोव्हेंबरांत धोबीतलावावरील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें त्यांनीं मुंबई म्युनिसिपालिटीच्या सुधारणेवर एक निबंध वाचला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें. क्रॉफर्ड यांनीं पैसा पाण्यासारखा खर्च केला हें खरें. पण त्यांच्याच हातून हें शहर राहण्याजोगें झालें. एकाच कार्यकारी अधिकाऱ्याकडे अंमलबजावणी असणें हा दोष नव्हे. मंडळाकडे अंमलबजावणी दिली तर जबाबदारी पुन्हां हवेंत विरून जाईल आणि तीन कमिशनरांचा काळ परत येईल. खरा दोष दुसरीकडे आहे. ज्यांनीं त्या अधिकाऱ्यावर नजर ठेवावयाची, ते जस्टिस कोणाचे प्रतिनिधि? त्यांना सरकारनें नेमलें आहे. करदात्यांनीं त्यांना निवडलेलें नाहीं, तेव्हां करदात्यांना तोंड दाखविण्याची त्यांना गरज काय? खर्चावर नियंत्रण हवें असेल, तर खर्च मंजूर करणारी सभा लोकांनीं निवडलेली हवी.

श्रोत्यांना हें मुळींच रुचलें नाहीं. ते क्रॉफर्डसाहेबांचा निषेध ऐकण्यास आले होते, त्यांचें समर्थन ऐकण्यास नव्हे. तरुण वक्त्याला त्या सभेंत टाळ्यांपेक्षां हुर्यो अधिक मिळाली. परंतु त्या संध्याकाळीं जें सांगितलें गेलें, त्याचाच सांगाडा पुढें कायद्यांत उतरला. संतापलेले लोक नेहमीं माणूस बदला म्हणतात. व्यवस्था बदला म्हणणारा एखादाच निघतो, आणि तो त्या घटकेपुरता तरी अप्रिय होतो. क्रॉफर्डसाहेब पदावरून गेले. पुढें पुणें येथें महसूल कमिशनर असतांना १८८८ सालीं त्यांच्यावर लांचलुचपतीचे आरोप येऊन मोठी चौकशी झाली व अखेर त्यांना नोकरीस मुकावें लागलें. पण ती निराळी कथा आहे.

१८७२ च्या तिसऱ्या कायद्यानें मुंबईस नवी कॉर्पोरेशन मिळाली. तिचे सभासद ६४. त्यांतील १६ सरकारनें नेमावयाचे, १६ जस्टिसांनीं निवडावयाचे, आणि ३२, म्हणजे बरोबर निम्मे, करदात्यांनीं निवडावयाचे. जमाखर्चावर देखरेख करण्यास १२ जणांचें टाऊन कौन्सिल नेमण्यांत आलें. त्यांतही ४ जण सरकारचे होते. अंमलबजावणी मेहतांच्या सूचनेप्रमाणें एकट्या कमिशनरकडेच राहिली. ४ सप्टेंबर १८७३ रोजीं या कॉर्पोरेशनची पहिली सभा भरली.

परंतु करदाता म्हणजे कोण? कायद्यानें उत्तर दिलें कीं, जो वर्षाला निदान ५० रुपये थेट पट्टी भरतो तो. येथें सर्व गोष्टीची नाडी आहे. गिरगांवांतील किंवा कामाठीपुऱ्यांतील चाळींत एका खोलींत राहणारा कारकून, हमाल वा गिरणीमजूर म्युनिसिपालिटीला एक पैही देत नव्हता, असें हिशेबाच्या वहींत दिसे. प्रत्यक्षांत तो दरमहा भाडें देई, आणि चाळमालक आपली घरपट्टी त्या भाड्यांतूनच वसूल करी. धान्यावरची जकातही शेवटीं त्याच्याच ताटांतून जाई. पट्टीची पावती मात्र मालकाच्या नांवाची, म्हणून मत मालकाचें. ज्या तत्त्वाच्या जोरावर लोकांनीं मताचा हक्क मागितला तें तत्त्व, कर देईल त्यानें कारभारी निवडावा, हें होतें. आणि कर खरोखर कोणाच्या खिशांतून जातो हें पाहिलें असतें, तर त्याच तत्त्वानें शहरांतील बहुतेक प्रौढ माणसें मतदार ठरलीं असतीं. पाहिलें गेलें तें पावतीवरचें नांव.

शहराच्या विभागांचा, म्हणजे वॉर्डांचा, अर्थही यामुळें बदलून गेला. मुंबईचे वॉर्ड इंग्रजी अक्षरांनीं ओळखले जात. ‘ए’ वॉर्डांत कोट व कुलाबा. ‘बी’ मध्यें मांडवी, चकला, उमरखाडी, डोंगरी. ‘सी’ मध्यें धोबीतलाव, भुलेश्वर, कुंभारवाडा. ‘डी’ मध्यें खेतवाडी, गिरगांव, वाळकेश्वर. ‘ई’ मध्यें माझगांव, भायखळा, नागपाडा, कामाठीपुरा. ‘एफ्’ मध्यें परळ, शिवडी, शीव. आणि ‘जी’ मध्यें माहीम व वरळी. झाडलोट, दिवाबत्ती आणि पट्टीवसुली यांच्या सोयीनें ओढलेल्या या रेषा. त्यांवरच निवडणुकीची उभारणी झाली. एखाद्या वॉर्डांत किती डोकीं राहतात यापेक्षां किती मोठ्या पावत्या फाटतात, यावर तेथील मतदारांची यादी लांब किंवा आंखूड होई. ‘बी’ आणि ‘सी’ वॉर्डांतील बोळांत माणसांवर माणसें रचलेलीं, तरी मतदार मूठभर; कोटांतील रुंद रस्त्यांवर रात्रीं शुकशुकाट, तरी तेथील वखारवाल्यांच्या पावत्या भल्या जाड. रेषा कागदावर सरळ होत्या. खालची जमीन मात्र एका बाजूला कललेली होती.

१८८२ च्या लॉर्ड रिपन यांच्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानें सगळ्या हिंदुस्थानांत या विषयाला चालना मिळाली. मुंबईसाठीं १८८८ सालीं जो कायदा झाला, त्याच्या घडणींत फिरोजशहा मेहता आणि काशीनाथ त्र्यंबक तेलंग या दोघांचा मोठा हात होता. दोघेही त्या वेळीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत होते. त्यांनीं कलमागणिक झगडून कमिशनरचें वर्चस्व वाढविण्याचा बेत हाणून पाडला. सभासदांची संख्या ७२ झाली. पैकीं ३६ वॉर्डांतून, १६ जस्टिसांकडून, २ विद्यापीठाच्या फेलोंकडून, २ चेंबर ऑफ कॉमर्सकडून आणि १६ सरकारकडून. पुन्हां बरोबर निम्मे! सरकारास निम्म्याच्या पुढें एक पाऊलही टाकवेना, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

या कायद्यांतील जमाखर्चाचा भाग मात्र फार विचारपूर्वक रचलेला आहे. कमिशनरनें आंकडे तयार करावयाचे, स्टँडिंग कमिटीनें त्यांवरून अंदाजपत्रक बांधावयाचें, आणि कॉर्पोरेशननें तें मंजूर करावयाचें. तिघांपैकीं कोणा एकालाच सर्व करतां येऊं नये, अशी ही योजना. त्यांत आणखी एक अट आहे : वर्षाअखेर तिजोरींत निदान एक लाख रुपये शिल्लक राहतील अशा बेतानेंच अंदाजपत्रक बांधलें पाहिजे. १८७१ सालच्या जखमेचा व्रण या कलमावर स्पष्ट दिसतो.

तरीही पैशाची ओढ संपली नाहीं. १८९६ सालीं प्लेग आला आणि लोक शहर सोडून पळूं लागले. घाण वस्त्या पाडून नव्या वसविण्यासाठीं सरकारनें १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला, तो कॉर्पोरेशनला बाजूस ठेवून. खर्चाचा वांटा तिनें उचलावयाचा, निर्णय मात्र दुसऱ्यांनीं घ्यावयाचे, असा हा प्रकार १९३३ पर्यंत, म्हणजे ट्रस्ट कॉर्पोरेशनमध्यें विलीन होईपर्यंत, चालला. पोलिसखर्चाचा जुना तंटा १९०७ च्या कायद्यानें मिटला. सरकारनें पोलिस आपल्याकडे घेतले आणि त्या बदल्यांत प्राथमिक शिक्षण व औषधोपचार यांचा भार कॉर्पोरेशनवर टाकला. दोन्ही पारडीं समान होतीं कीं नाहीं, याचा वाद पुढें बराच काळ चालला.

भाडेकऱ्याला मत मिळण्यास १९२२ साल उजाडावें लागलें. विठ्ठलभाई पटेल यांनीं हा प्रश्न हातीं घेतला होता. त्या वर्षींच्या कायद्यानें पट्टीच्या पावतीऐवजीं भाड्याची रक्कम मताचा पाया ठरली. सभासद १०६ झाले आणि त्यांतील ७६ वॉर्डांतून येऊं लागले. म्हणजे १८७२ पासून चालत आलेली निम्म्याची भिंत अखेर पडली. तरीही भाड्याची खालची मर्यादा होतीच, आणि ज्यांची खोली त्याहून स्वस्त ते बाहेरच राहिले. प्रौढ मतदानानें पहिली निवडणूक झाली ती १९४८ सालीं. पन्नास रुपयांच्या पावतीपासून तेथवर येण्यास पाऊणशें वर्षें लागलीं.

मग शहरच वाढलें. १९५० सालीं जोगेश्वरी व भांडुपपर्यंतचीं उपनगरें, आणि १९५७ सालीं दहिसर व मुलुंडपर्यंतचा प्रदेश कॉर्पोरेशनच्या हद्दींत आला. अक्षरें ‘टी’ पर्यंत पोंचलीं. आणि वस्ती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेली तसतशा निवडणुकीच्या विभागांच्या रेषा पुनःपुन्हां पुसून काढाव्या लागल्या. २००२ पासून सभासदांची संख्या २२७ होती. २०२१ सालीं राज्य सरकारनें ती २३६ करण्याचें ठरविलें. २०२२ च्या ऑगस्टांत दुसऱ्या सरकारनें ती पुन्हां २२७ वर आणली. २०२१ ची शिरगणती झालीच नव्हती, म्हणून दोन्ही वेळां आधार २०११ च्याच आंकड्यांचा. या फेरफारांत आणि त्यावरील कोर्टकज्ज्यांत निवडणूक लांबत गेली. जुन्या सभासदांची मुदत ७ मार्च २०२२ रोजीं संपली, आणि दुसऱ्या दिवसापासून कमिशनर हेच प्रशासक झाले. स्टँडिंग कमिटी नाहीं, सभा नाहीं. २०२५-२६ सालचें ७४,४२७ कोटी रुपयांचें अंदाजपत्रक ज्या कार्यालयानें तयार केलें, त्याच कार्यालयानें तें मंजूर केलें. १८६५ सालीं निदान जस्टिसांचें बेंच तरी समोर बसलेलें असे. २२७ जागांसाठीं मतदान झालें तें १५ जानेवारी २०२६ रोजीं.